पराभवाचा धनी कोण?

अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हणतात तो आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन, समोरच्यांची फळी फोडत पुढे सरकण्याचा तो खेळ. त्याच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे ‘एनएफएल’मध्ये, ३२ संघ आहेत, म्हणून मुख्य प्रशिक्षकाच्या जागाही ३२च. दर जानेवारीत त्यांतल्या काही रिकाम्या होतात आणि जुना वाद नव्याने सुरू होतो : एकदा अपयशी ठरलेल्या प्रशिक्षकाला पुन्हा संधी द्यावी का?

‘द्यावी’ म्हणणाऱ्यांचा हुकमी दाखला बिल बेलिचिक यांचा. १९९१ ते १९९५ या पाच मोसमांत क्लीव्हलँड ब्राउन्सने त्यांच्या हाताखाली साखळीतले ३६ सामने जिंकले, ४४ गमावले. शेवटच्या मोसमाच्या मध्यावर मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला हलवण्याची घोषणा केली. शहर संतापले, संघ कोसळला आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये बेलिचिक यांना नारळ मिळाला. २००० साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्यांना नेमले, तेव्हा पहिल्याच मोसमात ११ पराभव झाले. दोन्ही संघांचा हिशेब धरला तर ४१ विजय, ५५ पराभव. मालकांनी तिथेच खाते बंद केले असते, तर पुढची सहा विजेतेपदे त्यांच्या नावावर लागली नसती.

पण ती विजेतेपदे एकट्या बेलिचिक यांची होती का? २००१ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, जखमी झाला. त्याच्या जागी आला टॉम ब्रेडी; आदल्या वर्षीच्या निवडीत तब्बल १९९व्या क्रमांकावर घेतलेला. २०२० मध्ये ब्रेडी संघ सोडून गेला. त्यानंतरच्या चार मोसमांत बेलिचिक यांचे विजय २९, पराभव ३८. यशाचा धनी जसा एकटा नसतो, तसा अपयशाचाही नसतो. शिवाय प्रशिक्षकाची जागा बहुधा हरणाऱ्या संघातच रिकामी होते. नवा माणूस येतो तोच आधीच्यांचे कर्ज डोक्यावर घेऊन.

म्हणून दुसरी संधी हमखास फळते असेही नाही. बेलिचिक यांचेच शिष्य जॉश मॅकडॅनिएल्स यांना डेन्व्हरने दुसऱ्या मोसमाच्या मध्यातच काढले. पुढे जवळजवळ दशकभर ते पुन्हा गुरूच्या हाताखाली राबले. २०२२ मध्ये रेडर्स संघाने त्यांना नेमले आणि दुसऱ्या मोसमाच्या मध्यात त्यांनीही काढले.

तेव्हा खरा प्रश्न वेगळाच आहे : कोणाचे अपयश परिस्थितीच्या खात्यावर लिहिले जाते आणि कोणाचे माणसाच्या? स्टीव्ह विल्क्स यांची कथा इथे बोलकी आहे. २०१८ मध्ये नवख्या क्वार्टरबॅकसह ॲरिझोना कार्डिनल्सने ३ सामने जिंकले, १३ गमावले. एकाच मोसमात विल्क्स यांची गच्छंती झाली. जागी आले क्लिफ किंग्जबरी. टेक्सास टेक विद्यापीठाने त्यांना काही आठवड्यांपूर्वीच ३५ विजय व ४० पराभवांनंतर काढले होते. तळाच्या संघाला नव्या खेळाडूंत पहिली निवड मिळते. विल्क्स यांच्या पराभवांनी मिळवून दिलेली ती निवड किंग्जबरी यांच्या कामी आली. त्यांना चार मोसमही मिळाले. विल्क्स कृष्णवर्णीय, किंग्जबरी गोरे.

२०२२ मध्ये कॅरोलायना पँथर्सने पाचपैकी चार सामने गमावल्यावर विल्क्स यांच्याकडे हंगामी सूत्रे दिली. त्यांनी उरलेल्या १२ पैकी ६ सामने जिंकले, तरी त्यांना कायम केले नाही. नेमले फ्रँक राइख यांना. इंडियानापोलिसने मोसमाच्या मध्यात काढलेले, पण तिथे पराभवांहून विजय अधिक असलेले राइख. ११ सामन्यांत एकच विजय मिळाल्यावर त्यांनाही घरी पाठवले गेले.

जागेसाठी अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे, असा ‘रुनी नियम’ लीगमध्ये २००३ पासून आहे. पण मुलाखत म्हणजे नेमणूक नव्हे, आणि नेमणूक म्हणजे पुरेसा वेळ नव्हे.

म्हणून दुसरी संधी ही दया नसावी आणि वशिलाही नसावा. हाती काय दिले होते, किती काळ दिला होता आणि पडल्यावर माणूस काय शिकला, हे तीन प्रश्न प्रत्येकाला सारखेच विचारले जावेत. ज्याला पहिलीच संधी अर्धी मिळाली, त्याच्या बाबतीत तर ‘दुसरी’ हा शब्दच चुकीचा ठरतो.