दुकानातील वाय-फायचा पत्ता

रविवार पेठेतील आमच्या कापड दुकानात ऐन लग्नसराईत कार्ड मशीन अडले. गिऱ्हाईक तागा तसाच टाकून गेले. दोष मशीनचा नव्हता. माळ्यावर नव्याने लावलेला ॲक्सेस पॉइंट आणि राउटर, दोघांचा आयपी पत्ता एकच: १९२.१६८.१.१. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरे, पोस्टमन तरी काय करणार?

ॲक्सेस पॉइंट आधी एकटाच संगणकाला जोडून त्याला १९२.१६८.१.२ द्यावा, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे राउटरचा. त्याची डीएचसीपी बंद करावी, पत्ते वाटणारा एकच हवा. राउटरच्या वाटपातूनही हा पत्ता वगळावा. मग राउटरला जोडून 'पिंग' करून दोघांचे उत्तर येते का पाहावे. संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला पत्ता मिळालेलाच नाही. नवा आकडा आम्ही माळ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे.