लॅपटॉपवर लिनक्सची स्थापना
खरेदीच्या वेळी लॅपटॉपवर असलेली परिचालन प्रणाली (बहुधा विंडोज) काढून तिच्या जागी, अथवा तिच्या जोडीला, लिनक्स ही मुक्त परिचालन प्रणाली बसविणे आणि त्यानंतर लॅपटॉपची सर्व यंत्रांगे तिच्या आधिपत्याखाली कार्यक्षम करणे. या प्रक्रियेचे असे दोन भाग पडतात. पहिला भाग, म्हणजे प्रत्यक्ष स्थापना, आता सु. अर्ध्या तासाचे काम झाले आहे. दुसऱ्या भागास कधी काहीच वेळ लागत नाही, तर कधी आठवडाही पुरत नाही. हा फरक स्थापना करणाऱ्याच्या कौशल्यामुळे क्वचितच पडतो. लॅपटॉपमधील सुट्या भागांच्या उत्पादकांनी त्या भागांची माहिती कितपत खुली केली आहे, यावर तो मुख्यत्वे अवलंबून असतो.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या विषयाला अलीकडे विशेष महत्त्व आले आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व, काही अपवाद वगळता, इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रक्रियक आवश्यक ठरविण्यात आला आहे. त्यामुळे थोरल्या भावंडाकडून मिळालेला किंवा जुन्या बाजारातून घेतलेला, पण उत्तम स्थितीतील लॅपटॉप अधिकृत दृष्ट्या कालबाह्य ठरतो. असा लॅपटॉप ८ जीबी स्मृती व घन-अवस्था साठवण (एसएसडी) असल्यास लिनक्सवर आणखी काही वर्षे सहज चालू शकतो. नवा लॅपटॉप घेणे ज्या कुटुंबास परवडत नाही, तेथे हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही.

पूर्वपीठिका : यंत्रांगांचा प्रश्न मुक्त आज्ञावलींच्या चळवळीइतकाच जुना आहे. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत सु. १९८० मध्ये झेरॉक्स कंपनीचा एक लेसर मुद्रक आला. कागद अडकल्यास वापरणाऱ्यांना सूचना मिळावी, अशी सुधारणा जुन्या मुद्रकाच्या आज्ञावलीत रिचर्ड स्टॉलमन यांनी केली होती. नव्या मुद्रकाच्या आज्ञावलीची मूळ संहिता मात्र त्यांना मिळू शकली नाही. १९८३ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पामागे हा अनुभव होता, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. फिनलंडमधील हेल्सिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स (२८ डिसेंबर १९६९–   ) यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रणालीची वार्ता दिली, तेव्हा आपल्याजवळ एटी प्रकारचीच हार्ड डिस्क असल्याने दुसऱ्या प्रकारांना ती बहुधा कधीच आधार देणार नाही, असेही सांगून टाकले होते. प्रणाली आपल्याजवळच्या यंत्रापुरती लिहावयाची आणि ज्याच्याजवळ निराळे यंत्र असेल त्याने ती भर घालावयाची, ही लिनक्सची वाढीची रीत त्यात आधीच दिसते.

गाभा व चालक : लिनक्स हे नाव काटेकोरपणे प्रणालीच्या गाभ्याचे (कर्नलचे) आहे. या गाभ्यास इतर आज्ञावलींची जोड देऊन उबुंटू (२००४ पासून), लिनक्स मिंट (२००६ पासून), फेडोरा (२००३ पासून), डेबियन (१९९३ पासून) इ. वितरणे तयार करण्यात येतात. प्रत्येक यंत्रांगाशी त्याच्याच भाषेत बोलणारी आज्ञावली, म्हणजे चालक किंवा ड्रायव्हर, गाभ्याचाच भाग असते. विंडोजच्या सवयीमुळे नवा वापरकर्ता उत्पादकाच्या संकेतस्थळावर चालक शोधू लागतो. लिनक्सच्या बाबतीत हा शोध बहुधा चुकीच्या दिशेचा असतो. चालक गाभ्यात असेल, तर यंत्रांग काहीही न करता चालते. नसेल, तर तो असलेली गाभ्याची नवी आवृत्ती घेणे हा पहिला उपाय होय.

गाभ्याबाहेर ठेवलेले चालकही असतात. पण गाभ्याची अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलते व ती स्थिर ठेवण्याचे बंधन त्याच्या कर्त्यांनी जाणूनबुजून स्वीकारलेले नाही. त्यामुळे बाहेरचा चालक प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस ही यंत्रणा हे काम आपोआप करते, परंतु ते नेहमीच साधत नाही. ‘काल अद्ययावत केले आणि आज वाय-फाय गेले’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. अशा वेळी संगणक सुरू होतानाच्या यादीतून आधीच्या आवृत्तीचा गाभा निवडल्यास काम तात्पुरते निभावते.

चालकाखेरीज कित्येक यंत्रांगांना फर्मवेअर, म्हणजे यंत्रांगातील स्वतंत्र सूक्ष्म प्रक्रियकावर चालणारी आज्ञावली, चालकामार्फत भरावी लागते. ती बहुधा मुक्त नसते. म्हणून डेबियनने ती आपल्या अधिकृत स्थापना-माध्यमात दीर्घकाळ समाविष्ट केली नव्हती. २०२२ मध्ये मतदान घेऊन हे धोरण बदलण्यात आले व जून २०२३ मधील डेबियन १२ पासून ती समाविष्ट झाली. तत्त्वाला मुरड घातली गेली, हे खरे. पण वाय-फाय न चालणारी मुक्त प्रणाली विद्यार्थ्याच्या फारशी उपयोगी पडत नाही, हेही तितकेच खरे.

यंत्रांगांची ओळख : लॅपटॉपच्या खोक्यावरील नाव या कामी निरुपयोगी असते, कारण एकाच नावाच्या प्रतिमानात निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या कंपन्यांचे भाग बसविले जातात. खरी ओळख प्रत्येक भागात कोरलेल्या दोन षोडशमान अंकांत असते. पहिला अंक उत्पादकाचा व दुसरा त्या भागाचा. एलएसपीसीआय व एलएसयूएसबी या आज्ञांनी ते पडद्यावर दिसतात. इंटेलचा अंक ८०८६ (कंपनीच्या १९७८ मधील प्रसिद्ध प्रक्रियकाचेच नाव), रिअलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४ व एनव्हिडियाचा १०डीई असतो. माहिती शोधताना लॅपटॉपच्या नावाऐवजी ही जोडी वापरल्यास उत्तर नेमके मिळते. गाभ्याने सुरुवातीस नोंदविलेले संदेश पाहिल्यास चालकच नाही, की चालक आहे पण फर्मवेअर मिळाले नाही, हेही कळते. या दोन दोषांची बाह्य लक्षणे सारखीच असली, तरी उपाय भिन्न आहेत.

पूर्वतयारी : प्रथम सर्व कामाची प्रत बाहेरच्या साठवणीत काढून घ्यावी. विंडोजमधील साठवण बिटलॉकरने कूटबद्ध असल्यास तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. यूईएफआयमधील एखादा पर्याय बदलताच ती मागितली जाण्याचा संभव असतो आणि ती नसल्यास साठवणीतील मजकूर परत मिळत नाही. विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोयही बंद करावी, कारण तिच्यामुळे विंडोज पूर्णपणे बंद न होता अर्धवट निद्रावस्थेत जाते व तिचे खंड लिनक्समधून लिहिता येत नाहीत.

वितरणाची प्रतिमा-संचिका पेनड्राइव्हवर योग्य आज्ञावलीने उतरवावी लागते. नुसती नक्कल करून चालत नाही. बहुतेक वितरणे पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात व त्यात लॅपटॉपच्या साठवणीला धक्का लागत नाही. हा तासाभराचा प्रयोग टाळू नये. वाय-फाय, ध्वनी, कॅमेरा, स्पर्शपट्टी, पडद्याचा प्रकाश व झाकण मिटल्यावरची निद्रा ही सहा कामे त्यात तपासून घ्यावीत. कधी कधी स्थापना-आज्ञावलीला लॅपटॉपमधील साठवण दिसतच नाही. इंटेलच्या आरएसटी पद्धतीत ती दडलेली असते व यूईएफआयमध्ये एएचसीआय हा पर्याय निवडल्यावर दिसू लागते. विंडोजही ठेवावयाची असल्यास आधी तिला सेफ मोडमध्ये सुरू होण्यास सांगून मगच हा बदल करावा; अन्यथा ती सुरू होत नाही.

वाय-फाय : विद्यार्थ्याची सर्वाधिक अडचण येथे होते व तिचे स्वरूप दुष्टचक्राचे असते. चालक इंटरनेटवरून आणावयाचा आणि इंटरनेट चालकावाचून मिळावयाचे नाही. यातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे अँड्रॉइड मोबाइल तारेने जोडून त्यावरील यूएसबी टेदरिंग चालू करणे. लिनक्सला तो तारयुक्त जाळ्यासारखा दिसतो व सहसा निराळा चालक लागत नाही.

इंटेलच्या कार्डांचा अनुभव सर्वांत चांगला आहे, कारण त्यांचे चालक कंपनीचेच अभियंते गाभ्यात घालतात. तरीही कार्ड नवे आणि गाभा जुना असल्यास ते चालत नाही, उदा., एएक्स२१० या कार्डास गाभ्याची ५.१० ही किंवा पुढील आवृत्ती लागते. रिअलटेकची कार्डे स्वस्त लॅपटॉपांत फार आढळतात. आरटीएल८८२१सीई (१०ईसी:सी८२१) या कार्डाचा चालक ऑक्टोबर २०२० मधील ५.९ या आवृत्तीत गाभ्यात आला. तोपर्यंत ते असणाऱ्यांना बाहेरचा चालक स्वतः बांधून घ्यावा लागे. आज त्याच कार्डासाठी जुने मार्गदर्शन वाचून बाहेरचा चालक बसविणारे विद्यार्थी चालू असलेले वाय-फाय बंद पाडून घेतात. म्हणून मार्गदर्शनाची तारीख आधी पाहावी.

ब्रॉडकॉमने बराच काळ माहिती दिली नाही. तेव्हा स्वयंसेवकांनी कंपनीच्या चालकाचे उलट-विश्लेषण करून बी४३ हा मुक्त चालक लिहिला. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने आपल्या काही कार्डांचा मुक्त चालक प्रसिद्ध केला, उदा., बीसीएम४३१३ (१४ई४:४७२७) हे कार्ड त्याने चालते. इतर काहींना मात्र अजून कंपनीचा बंदिस्त चालकच लागतो. एका कार्डावर दोन चालक हक्क सांगू लागले, तर एकास काळ्या यादीत घालावे लागते.

सर्व उपाय थकल्यास, कार्ड खाचेत बसविलेले असेल तर ते काढून इंटेलचे बसविणे हा मार्ग उरतो. बरेच दिवस आज्ञावलींशी झगडण्यापेक्षा हा खर्च बहुधा स्वस्त पडतो. काही जुन्या लॅपटॉपांतील बायॉस ठरावीक कार्डांनाच प्रवेश देते, तेवढे आधी पाहून घ्यावे.

चित्र-प्रक्रियक : इंटेलच्या व एएमडीच्या चित्र-प्रक्रियकांसाठी सहसा काहीही करावे लागत नाही. एएमडीने आपल्या चिपांचे तांत्रिक तपशील २००७ पासून खुले करण्यास आरंभ केला, त्याचे हे फळ आहे. एनव्हिडियाने उलट मार्ग धरला. उलट-विश्लेषणाने सिद्ध झालेला नूव्हो हा मुक्त चालक होता. पण २०१४ नंतरच्या चिपांनी कंपनीच्या स्वाक्षरीचे फर्मवेअर मागण्यास सुरुवात केल्याने त्यांवर तो मंद गतीनेच चालू शकला. २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठातील सभेत टॉरव्हाल्ड्स यांनी या कंपनीस उद्देशून जाहीर अपशब्द वापरले, ते या इतिहासामुळे. मे २०२२ मध्ये कंपनीने २०१८ व त्यानंतरच्या चिपांसाठी आपल्या चालकाचा गाभ्यातील भाग मुक्त केला. जुन्या चिपांना बंदिस्त चालकाच्या गोठविलेल्या आवृत्त्या लागतात. येथे आणखी एक अडसर येतो. सिक्युअर बूट चालू असताना स्वाक्षरी नसलेला बाहेरचा चालक गाभा स्वीकारत नाही. उबुंटूसारखी वितरणे अशा वेळी स्वतःची किल्ली तयार करवितात व एक परवलीचा शब्द विचारतात. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर तो पुन्हा द्यावा लागतो. हा पडदा घाईने ओलांडल्यास चालक बसूनही चालत नाही.

इतर यंत्रांगे : यूव्हीसी मानकाचे कॅमेरे २००८ पासून गाभ्यातील एकाच चालकाने चालतात. काही नव्या, पातळ लॅपटॉपांतील इंटेल आयपीयू६ वर आधारलेले कॅमेरे मात्र त्रासदायक ठरले आहेत. नव्या इंटेल लॅपटॉपांत ध्वनी नसल्यास ‘साउंड ओपन फर्मवेअर’ हा संच बसलेला आहे का, हे प्रथम पाहावे. बोटांचे ठसे वाचणारी अनेक उपकरणे चालत नाहीत आणि त्यासाठी फार वेळ दवडू नये. निद्रेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांतून स्मृतीखेरीज सर्व भाग बंद करणारी जुनी निद्रा काढून टाकण्यात आली असून नव्या पद्धतीत एखादाही भाग जागा राहिला, तर दप्तरातील लॅपटॉप तापतो व विद्युत् घट रिकामा होतो. मुद्रकांपैकी जाळ्यावरून चालकाविना छापणारे नवे मुद्रक बिनत्रासाचे असतात. भारतातील कार्यालयांत व झेरॉक्सच्या दुकानांत सर्वत्र दिसणारा कॅननचा एलबीपी२९०० मात्र बराच खटाटोप करावयास लावतो.

मर्यादा : ऑटोकॅड व सॉलिडवर्क्स या अभियांत्रिकीच्या आज्ञावली, तसेच परीक्षांच्या वेळी पहारा ठेवणाऱ्या काही आज्ञावली लिनक्सवर चालत नाहीत. ज्यांना त्या अटळ आहेत, त्यांनी विंडोज पूर्णपणे काढू नये. दोन्ही प्रणाली ठेवल्यास विंडोजमधील घड्याळ भारतात साडेपाच तास मागे पडलेले आढळते. लिनक्स यंत्रातील घड्याळात जागतिक वेळ ठेवते, तर विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. दोहोंपैकी एकीची समजूत बदलली की हा दोष जातो. याउलट सायलॅब, पायथन, लाटेक यांसारख्या विषयांस लिनक्स सोयीचे आहे व त्यांवरील मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हे पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. केरळमधील शासकीय शाळांत तर संगणकशिक्षण लिनक्सवरच दिले जाते.

मराठी लेखन : देवनागरीसाठी यंत्रांगाचा कोणताही बदल लागत नाही. लोहित किंवा नोटो ही अक्षरमालिका व आयबस ही आदान-यंत्रणा बहुतेक वितरणांत असतेच. लोहितच्या जडणघडणीत रेड हॅट कंपनीच्या पुणे येथील अभियंत्यांचा वाटा मोठा आहे. कळफलकांच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट निवडावा. प्रणालीची भाषा हिंदी राहिल्यास ‘ल’ व ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची दिसू शकतात. ती मराठी केल्यावर, अक्षरमालिकेत सोय असल्यास, महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण ठरविलेली वळणे दिसतात. ‘वाऱ्या’तील ऱ्य उमटविण्यासाठी शिफ्टसह ‘जे’ ही कळ दाबून ऱ घ्यावा, ‘डी’ या कळीने हलन्त द्यावा व नंतर तिरक्या रेघेच्या कळीवरील य जोडावा.