गव्हाविना वाढदिवस

मायबहिणींनो, मुंबईत वरळीच्या कोळीवाड्यात तांदळाची भाकरी जुनीच. पण वाढदिवसाच्या केकमध्ये मैदा असतो. सिलिअ‍ॅक आजाराच्या लेकराला गहू, रवा, मैदा, जव थोडेही चालत नाहीत. आतड्याला इजा होते. गव्हाशी असलेला हा संबंध डच डॉक्टर डिके यांनी १९५० साली प्रबंधात मांडला. आपल्या शेतातली ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ मात्र चालतात. म्हणून त्या दिवशी तांदळाची खीर, नाचणीचे लाडू करा. गहू दळलेल्या गिरणीत वा जात्यावर दळण नको. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते. आणि लेकराचे ताट वेगळे मांडू नका. औक्षण झाले की सगळ्या पंगतीलाच तेच वाढा.