मासेमारीच्या स्पर्धा : आधी कागद, मग गळ

गळाने मासे धरण्याची स्पर्धा भरली की एका दिवसात अनेकांना काम मिळते. गळ, रीळ, दोरी आणि आमिष विकणारा दुकानदार, मंडपवाला, खानावळवाला, बर्फवाला, होडीवाला, ढाली आणि पेले करणारा कारागीर या सर्वांच्या हाती चार पैसे येतात. म्हणून अशी स्पर्धा आपणच भरवावी असे एखाद्या दुकानदाराला वाटले तर त्यात गैर काही नाही. मात्र पाणी कोणाचे, मासे कोणाचे आणि बक्षिसाचा पैसा कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर हवीत. ती नसतील तर ऐन वेळी स्पर्धा बंद पडते, घेतलेली फी परत करावी लागते आणि बाजारातील पत जाते ती वेगळीच.

पाणी कोणाचे?

महाराष्ट्रातील बहुतेक धरणे जलसंपदा खात्याच्या, म्हणजे जुन्या पाटबंधारे खात्याच्या ताब्यात आहेत. तेथील मासेमारीचा हक्क मात्र मत्स्यव्यवसाय खाते ठेक्याने देते आणि तो बहुधा स्थानिक मच्छिमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यामुळे येथे एका परवानगीने भागत नाही. काठावर मंडप घालण्यासाठी धरणाच्या अभियंत्यांची लेखी परवानगी लागते. गळ टाकण्यासाठी ठेकेदार संस्थेची लेखी संमती घ्यावी आणि जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाचे पत्रही घ्यावे. गावतळे असेल तर चौकशी ग्रामपंचायतीपासून सुरू करावी. तलाव अभयारण्यात असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. अशी जागा सोडून दुसरी पाहिलेली बरी.

मासे कोणाचे?

ठेक्याच्या तलावातील रोहू, कटला आणि मृगळ हे बहुधा संस्थेने पैसे मोजून सोडलेल्या मत्स्यबीजातून वाढलेले असतात. त्यावर गरीब मच्छिमार कुटुंबांचे पोट चालते. म्हणून संमतीपत्रात सर्व काही स्पष्ट लिहून घ्यावे. धरलेला मासा वजन करून जिवंत सोडायचा की संस्थेला द्यायचा, स्पर्धकाने तो घरी नेल्यास किलोला कोणता दर द्यायचा आणि नुकसान झाल्यास ते कोणी भरायचे, या सर्व गोष्टी त्यात याव्यात. तोंडी होकारावर विसंबू नये. आज हो म्हणणारा पदाधिकारी उद्या बदललेला असू शकतो.

सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच बंदी घातली होती. स्पर्धेच्या नियमपत्रिकेतही हे ठळकपणे छापावे.

समुद्रात स्पर्धा असेल तर

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू आहे. पावसाळ्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्यामुळे तारीख छापण्याआधी त्या वर्षीचा सरकारी आदेश पाहावा. मासेमारीचा परवाना असलेल्या नौकेत स्पर्धक आणि पाहुणे भरून नेता येतील असे गृहीत धरू नये. प्रवासी नेण्याची परवानगी वेगळी असते व त्याची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे करावी. व्हेल शार्क, करवत मासा आणि समुद्री घोडा यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. असा जीव गळाला लागला तर तो ताबडतोब सोडावा. त्याचे वजन किंवा फोटो स्पर्धेत धरू नये. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवले आहेत. ती यादी मिळवून वजनकाट्याजवळ लावावी.

बक्षिसाचा पैसा

सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो. केवळ कौशल्याच्या खेळाला महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ च्या कलम १३ नुसार सूट आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात कौशल्याच्या स्पर्धा आणि जुगार यांत फरक केला. परंतु कोणाचा मासा मोठा निघेल यावर काठावरच्या लोकांनी पैजा लावल्या तर ती सट्टेबाजी होते. खूण केलेला एखादा मासा तलावात सोडून त्यावर मोटारसायकल लावली तर तेथे कौशल्यापेक्षा नशिबाचा भाग मोठा ठरतो. पैसे घेऊन दिलेल्या तिकिटांवर सोडत काढणे तर लॉटरीत मोडू शकते. अनधिकृत लॉटरी चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे.

सर्वांची फी एकत्र करून तीच विजेत्याला देण्याची पद्धत आपल्या वाचकांना शरीयतच्या दृष्टीनेही खटकेल. याबाबत जाणत्या आलिमांना विचारावे. बक्षीस दुकानदाराने किंवा प्रायोजकाने स्वतःच्या खिशातून द्यावे आणि फी घ्यायचीच तर ती खर्चापुरती घ्यावी. हिशेबही त्यामुळे स्वच्छ राहतो.

‘इतक्या रुपयांचा माल घ्या आणि स्पर्धेत उतरा’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पाहावा. विक्री वाढवण्यासाठी घेतलेली स्पर्धा आणि दडवून ठेवलेला निकाल या दोन्ही बाबी त्यात अनुचित व्यापारी प्रथेखाली येऊ शकतात. मोठ्या बक्षिसावर आयकर कापावा लागेल का आणि फीवर जीएसटी लागेल का, हे आपल्या कर सल्लागाराला आधीच विचारावे.

शेवटची तयारी

पोलीस ठाण्यात तारीख, वेळ आणि अपेक्षित गर्दी लिहून अर्ज द्यावा व पोहोच घ्यावी. लाऊडस्पीकरला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लेखी परवानगी लागते. काठावर पोहणारे दोन इसम, लाइफ जॅकेट आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवावी. लहान मुलांचे अर्ज पालकांच्या सहीशिवाय घेऊ नयेत. वजनकाटा वैधमापन खात्याच्या शिक्क्याचा असावा. दहा-वीस ग्रॅमच्या फरकावरून भांडणे होतात, तेव्हा तो शिक्काच उपयोगी पडतो.

क्रम असा ठेवावा : प्रथम जागा आणि ठेकेदार संस्था, नंतर खात्यांची पत्रे, मग पोलीस आणि सर्वांत शेवटी छापखाना. अनेक जण याच्या उलट करतात. पत्रके वाटून झाल्यावर परवानगीसाठी धावणाऱ्याला कोणत्याही अटीला मान डोलवावी लागते. सर्व पत्रांच्या प्रती एका फाईलमध्ये घालून स्पर्धेच्या दिवशी सोबत ठेवाव्यात.