क्लच, अवजड मालमोटारीचा : समायोजन व दोषनिवारण

एंजिन चालू असतानाच त्याची शक्ती दंतचक्र पेटीकडे (गिअरबॉक्सकडे) जोडणाऱ्या किंवा तोडणाऱ्या घर्षण साधनास क्लच म्हणतात. डीझेल एंजिन थांबलेल्या अवस्थेतून भार ओढू शकत नाही. त्यामुळे फिरते एंजिन व स्थिर चाके यांच्या वेगांतील फरक क्लचला काही क्षण घसरून भरून काढावा लागतो आणि या घसरण्यातच त्याची झीज होते. म्हणून क्लचचे आयुष्य गाडीने तोडलेल्या अंतरापेक्षा ती किती वेळा व कशी सुरू केली गेली यावर अधिक अवलंबून असते.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथे याचा विशेष प्रत्यय येतो. यंत्रमागांसाठी प्रसिद्ध असलेले हे शहर मुंबई–आग्रा मार्गालगत आहे. ते मुंबई महानगरपालिकेच्या जकात हद्दीबाहेर असल्याने काल्हेर, राहनाळ, पूर्णा, माणकोली इ. गावांत मोठ्या प्रमाणावर गोदामे उभी राहिली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात संपली, तरी गोदामांचा हा व्यवसाय टिकून आहे. येथील मालमोटारींना गोदामांच्या आवारात व वाहतुकीच्या कोंडीत वारंवार थांबून पुन्हा सुरू व्हावे लागते, तर नाशिककडे जाताना भरलेल्या गाडीस कसारा घाट चढावा लागतो. क्लचला हे दोन्ही प्रसंग कष्टाचे आहेत.

रचना व कार्य : एंजिनाच्या प्रचक्रावर (फ्लायव्हीलवर) एक आवरण बसविलेले असते. त्यातील स्प्रिंगा दाब तबकडीच्या (प्रेशर प्लेटच्या) साहाय्याने घर्षण तबकडी प्रचक्रावर दाबून धरतात. घर्षण तबकडी, म्हणजे कारागिरांची क्लच प्लेट, दंतचक्र पेटीच्या दंडावर खाचांत बसलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंस घर्षण अस्तरे असतात. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून आवरणातील तरफांना, म्हणजे ‘फिंगरांना’, दाबते. त्यामुळे दाब तबकडी मागे सरून घर्षण तबकडी मोकळी होते.

उष्णता : एंजिनाचा वेग कायम ठेवून सपाट रस्त्यावर गाडी सुरू केली, तर क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता गाडीस मिळालेल्या गतिज ऊर्जेएवढी असते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने तीन आसांच्या मालमोटारीचे अनुज्ञेय एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन केले. अशी गाडी पहिल्या गिअरमध्ये ताशी ७.२ किमी. वेगास येईपर्यंत क्लचमध्ये सु. ५७ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. दुसऱ्या गिअरमध्ये त्याच एंजिन वेगास गाडीचा वेग पावणेदोनपट असेल, तर ही उष्णता सु. तिप्पट होते. २० मध्ये १ या चढावर तीच गाडी ब्रेक न लावता, पहिल्या गिअरमध्ये ‘हाफ क्लच’वर धरून ठेवल्यास सु. २८ किलोवॉट शक्ती उष्णतेत जाते. म्हणजे दहा सेकंदांत जवळजवळ पाच वेळा गाडी सुरू करण्याइतकी झीज ओढवते. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सुरू करणे व चढावर क्लचने तोलून धरणे या दोन सवयी त्यामुळेच महाग पडतात.

समायोजन : यांत्रिक जोडणीच्या क्लचमध्ये रिलीज बेअरिंग व फिंगर यांच्यात सु. २ ते ३ मिमी. फट ठेवतात. जोडणीचे एकूण तरफ गुणोत्तर सु. १२ असल्यास पेडलापाशी ती सु. २५ ते ३५ मिमी. मोकळी चाल म्हणून जाणवते. नेमके मूल्य त्या त्या गाडीच्या पुस्तिकेवरून घ्यावे. अस्तरे झिजतात तशी दाब तबकडी प्रचक्राकडे सरकते व फिंगरांची टोके बेअरिंगकडे येतात. म्हणजेच झिजेबरोबर मोकळी चाल वाढत नाही, तर कमी होते. ती पूर्ण नाहीशी झाली की बेअरिंग फिंगरांना सतत टेकून राहते, स्प्रिंगांचा दाब अपुरा पडतो आणि क्लच घसरू लागतो. वेळीच जोडदांड्याचा नट फिरवून चाल पूर्ववत केल्यास अस्तरे शाबूत असताना तबकडी बदलण्याचा खर्च टळतो. द्रवीय जोडणीच्या, हवेच्या दाबाचे साहाय्य घेणाऱ्या अनेक आधुनिक गाड्यांत झीज आपोआप सामावली जाते. तेथे बाहेरून समायोजन नसल्याने झीजदर्शकावर लक्ष ठेवावे लागते.

दोष व परीक्षा : (१) घसरणे : एंजिनाचा वेग वाढतो, पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो. मोकळी चाल नसणे, अस्तरे झिजणे किंवा त्यांवर तेल येणे ही कारणे होत. चाकांना ठोकळे लावून, हातब्रेक ओढून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडावा. एंजिन बंद न पडल्यास क्लच घसरतो आहे असे समजावे. ही परीक्षा वारंवार करू नये. (२) पूर्ण न सुटणे : पेडल दाबूनही गिअर खरखरत पडतो. चाल जास्त असणे, द्रवात हवा शिरणे किंवा तबकडी वाकणे ही याची कारणे आहेत. (३) थरथर : तेलकट अस्तर, तापून डाग पडलेली दाब तबकडी किंवा एंजिनाचे सैल आधार यांमुळे होते. (४) आवाज : पेडल हलके दाबताच आवाज येऊ लागल्यास रिलीज बेअरिंग, व पेडल सोडल्यावर येऊन दाबल्यावर थांबल्यास दंतचक्र पेटीच्या पुढच्या दंडाचे बेअरिंग तपासावे.

तेलामुळे क्लच बिघडला असेल, तर गळणारे तेलरोधक (ऑइल सील) बदलल्याखेरीज नवी तबकडी बसविणे व्यर्थ होय. अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजू दिल्यास प्रचक्रावर चरे पडतात व खर्च वाढतो.

सुरक्षितता : घाटात क्लच घसरू लागल्यास भरलेली गाडी चढ चढू शकत नाही, उतारावर क्लच दाबून ठेवल्यास एंजिनाचा रोध नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकांवर पडतो. कारागिराला असणारा धोका कमी दिसतो, पण तो दीर्घकाळ टिकतो. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असे. त्याच्या धुळीने फुप्फुसांचे असाध्य विकार व कर्करोग होतात आणि ते अनेक वर्षांनी प्रकट होतात. अस्तर कशाचे आहे हे नजरेने ओळखता येत नसल्याने क्लचच्या आवरणातील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसून बंद पिशवीत टाकावी.