यंत्र वाचतं ती सिस्टरची शंका

‘हॉस्पिटलात एआय आल्यावर आमची गरज उरेल का?’ बी.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या एका वाचक मुलीनं विचारलं आहे. अनेक देशांतल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांपुढे सध्या याच अर्थाच्या प्रश्नावल्या ठेवल्या जातात. त्यांत बऱ्याचदा वापरली जाते ती २०२० साली प्रसिद्ध झालेली २० विधानांची मोजपट्टी. पण ती एकंदर एआयविषयी आहे. रात्रपाळीत एखाद्या पेशंटचं काहीतरी बिनसतंय हे आधी कुणाला कळतं, हे तिच्यात येत नाही. मला मोलाचा वाटतो तो हा प्रश्न.

अमेरिकेत बेथ क्रँडल आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेनं नवजात अतिदक्षता विभागातल्या अनुभवी सिस्टरांच्या मुलाखती घेतल्या होत्या. बाळाला जंतुसंसर्ग होतोय हे या सिस्टर कधी कधी रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच ओळखत. कशावरून, ते मात्र त्यांना धड सांगता येईना. मग एकेक प्रसंग पुन्हा उलगडायला लावल्यावर खुणा हाती लागल्या: कातडीचा बदललेला रंग, बाळाचं मलूल पडणं, दूध न पचणं. १९९३ साली हे प्रसिद्ध झालं, तेव्हा यातल्या काही खुणा वैद्यकीय पुस्तकांत नव्हत्याच. काही तर मोठ्या माणसांतल्या लक्षणांच्या उलट होत्या! नर्सिंगच्या प्रत्येक वर्गात हा अभ्यास शिकवायला हवा.

यंत्रांचा गाजावाजा मात्र अशाच जंतुसंसर्गाच्या बाबतीत उघडा पडला. अमेरिकेत अनेक रुग्णालयांत बसवलेली, सेप्सिसची, म्हणजे जंतुसंसर्गातून होणाऱ्या जीवघेण्या गुंतागुंतीची, आगाऊ सूचना देणारी एक प्रणाली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ३८ हजारांहून जास्त रुग्ण-दाखल्यांवर तपासली. २०२१ सालचा तो निष्कर्ष असा, की सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के तिच्या नजरेतून सुटले. आणि तरीही दाखल झालेल्यांपैकी १८ टक्क्यांच्या बाबतीत तिनं इशारा दिला होता.

कोलंबिया विद्यापीठातल्या सारा रोझेटी आणि केनरिक कॅटो यांनी वाट बदलली. दोघंही पेशानं परिचारक. त्यांची ‘कन्सर्न’ ही प्रणाली नाडी किती, ताप किती यापेक्षा सिस्टरच्या वागण्याकडे पाहते: ठरल्यापेक्षा जास्त वेळा बीपी घेतलं का, रात्री जादा शेरा लिहिला का, एखादं औषध द्यायचं थांबवलं का. सिस्टरला आलेली शंका तिनं ती बोलून दाखवण्याआधीच नोंदींत उमटलेली असते, ती इथं टिपली जाते. ७४ वॉर्ड आणि ६० हजारांवर रुग्ण-दाखले यांवरच्या चाचणीचे निकाल २०२५ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले: मृत्यूचा धोका ३५.६ टक्क्यांनी कमी, मुक्कामही कमी. आयसीयूत अचानक हलवण्याचं प्रमाण मात्र वाढलं. धोका वेळेत कळल्याचं ते लक्षण, असं मला वाटतं.

म्हणजे या यंत्राचं अन्न सिस्टरची नजर आहे. विद्यार्थिनीनं पहिल्या पोस्टिंगपासून स्क्रीनच्या इशाऱ्याचीच वाट पाहिली, तर तिच्या नोंदींत यंत्राला वाचण्याजोगं काही उरणार नाही.

ही प्रणाली आपल्याकडे आणताना एक अडचण तपासावीच लागेल. नाईट ड्युटीला भरलेला वॉर्ड एकट्या सिस्टरवर असेल, तर शंका येऊनही जादा बीपी घ्यायला तिला सवड मिळणार नाही, आणि घेतलं तरी त्याची नोंद होईलच असं नाही. नोंद नाही म्हणजे काळजी नाही, असा अर्थ यंत्र लावेल आणि नेमका त्याच पेशंटला सुरक्षित ठरवेल.