कल्हई उडालेलं पातेलं

वेसाव्याच्या गल्लीतून कल्हईवाल्याची हाळी ऐकू येईनाशी झाली, त्याच सुमारास एक बालरोगही मावळत होता. 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस'मध्ये तान्ह्या मुलांच्या यकृतात तांबं साचे. घरात पाठोपाठची भावंडं दगावत, म्हणून दोष रक्ताला लागे. १९८३मध्ये पुण्याचे डॉ. आनंद पंडित, शीला भावे आणि इंग्लंडचे टॅनर प्रभृतींनी बोट ठेवलं ते बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांतल्या वरच्या दुधावर.

मग रक्त निर्दोष? तसंही नाही. विल्सनच्या आजारात तांबं साचतं ते 'एटीपी७बी' जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्याने. ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्येही तांब्याच्या भांड्यांतल्या दुधाने १३८ अर्भकं गेली. वंशावळी जुळवल्यावर तिथे अप्रकट जनुकदोषाची खूण दिसली. आपल्याकडे मात्र जनुक हाती लागण्याआधीच स्टीलची पातेली आली.